सगळ्यांनी एकच गाणं गायचं

१८ जानेवारी, रविवार

आजपासून ही दैनंदिनी. आमच्या बंगळुरातल्या सर्जापूर रोड मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव म्हणून माझी बिनविरोध निवड झाली आहे. बिनविरोध म्हणजे मी चहा सांगायला बाहेर गेलो होतो तेवढ्यात झाली. पण झाली. आधीच्या सचिवांनी कसलीही नोंद ठेवलेली नाही, त्यामुळे दर वर्षी त्याच चुका नव्या उत्साहाने होतात. मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा हे सगळं खासगी असलं तरी पुढेमागे स्मरणिकेत छापता येईल अशा बेताने लिहायचं ठरवलं आहे.

मंडळाचा वर्धापनदिन २२ फेब्रुवारीला, आणि त्या दिवशी गाण्याची स्पर्धा. गेल्या वर्षी खजिनदारांच्या मुलीला पहिलं बक्षीस मिळालं, त्यावरून एवढी रणधुमाळी झाली की दुसऱ्या नंबरवालीच्या आईने बक्षिसाचा कुकर तिथल्या तिथे परत केला. म्हणून मी नवा नियम केला आहे: कार्यकारिणीतल्या सदस्याच्या घरात राहणाऱ्या कोणालाही स्पर्धेत भाग घेता येणार नाही. आणि नियमाची सुरुवात घरापासून केली. मंडळाच्या ग्रुपवर स्पर्धा जाहीर केल्यावर पहिलं नाव आलं ते माझ्याच बायकोचं, मुग्धाचं. मी तिथेच सगळ्यांसमोर लिहिलं, 'क्षमस्व, नियम म्हणजे नियम', आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं. बऱ्याच जणांनी अंगठे दिले. असा निःपक्षपाती सचिव मंडळाला पूर्वी मिळालेला नाही, असं एकाने लिहिलंसुद्धा.

मुग्धाने स्वयंपाकघरात विचारलं, मी गाते हे तुला माहीत आहे ना? मी म्हटलं, अगं सगळेच गातात, तीच तर मंडळाची अडचण आहे. ती पुढे आणखी काही बोलत होती, पण अध्यक्षांचा फोन आला.

२० जानेवारी, मंगळवार

नावं आली. आनंद आहे. आणि आता डोकं धरून बसलो आहे, कारण प्रत्येकाने गाणं एकच दिलं आहे.

ते गाणं म्हणजे 'ऐकलं नाही मी'. गेल्या दिवाळीपासून ते ऐकल्याशिवाय माणसाला लिफ्टने वर जाता येत नाही. कुणा नव्या पोराने म्हटलेलं प्रेमभंगाचं गाणं आहे. पोरगा बहुधा विशीतला, आवाज सर्दी झाल्यासारखा, आणि लोक त्यावर धाय मोकलून रडतात. इंटरनेटवर त्याच्या इतक्या नकला आहेत की मूळ कुठलं ते शोधावं लागतं. कुणी बासरीवर वाजवतंय, कुणी गिटारवर, एकाचा तर पोपट म्हणतो. सुरुवात अशी:

सांगून गेलीस तू, ऐकलं नाही मी
दार लागलं तरी वळलो नाही मी
चहा निवत होता, बोलत होतीस तू
कुठे होतो तेव्हा, जाणलं नाही मी

आता यात उघड उघड चुका आहेत. एक, ती सांगून गेली तर याने ऐकलं कसं नाही? दोन माणसांच्या घरात असा किती गोंगाट असणार? दोन, दार लागलं तरी हा वळला नाही, म्हणजे दाराकडे पाठ. मग ती गेली हे याला कळलं कसं? तीन, चहा ही काय गाण्यात घालायची गोष्ट आहे का? माझ्या टीमने असं काही पुढे पाठवलं असतं तर मी सकाळीच परत केलं असतं.

२१ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी तातडीची बैठक. अध्यक्ष हणमंतराव. यांचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या आहे की ते मराठीत भांडतात आणि कन्नडमध्ये समजूत घालतात. त्यांनी एकेकाला 'स्वल्प ॲडजस्ट माडी', म्हणजे जरा जुळवून घ्या, असं सांगून पाहिलं, पण कुणी तसूभर हललं नाही. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे निपाणीच्या गुंडूअण्णांची खानावळ आहे, त्यांचं म्हणणं नाव मी आधी दिलंय. ठाण्याहून आलेला शंतनु स्वतःची कंपनी काढणार आहे, गेली तीन वर्षं काढतोच आहे, तो म्हणाला माझं व्हर्जन ऐकल्यावर ओरिजिनल कुणी ऐकणार नाही. आनेकलहून महानंदाअक्कांचा फोन, आमच्या भजनी मंडळाने टाळ बसवलेत, आता गाणं बदललं तर बायका ऐकायच्या नाहीत.

शेवटी मी उठलो आणि म्हटलं, मग सगळ्यांनी हे एकच गाणं गायचं. ज्याने त्याने आपल्या पद्धतीने. स्पर्धा गाण्याची नाही, गाण्याच्या रूपांची. टाळ्या पडल्या. हणमंतरावांनी स्वतः स्पर्धेबाहेर हे गाणं नाट्यसंगीताच्या अंगाने सादर करण्याची इच्छा व्यक्त केली, आणि अध्यक्षांना नाही कोण म्हणणार?

घरी येऊन मुग्धाला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, मीही तेच बसवलं होतं. मी म्हटलं, बघ, म्हणजे तू नाहीस तेच बरं झालं, एकाने गर्दी कमी.

२३ जानेवारी, शुक्रवार

मुग्धा कालपासून महादेवपुऱ्याला सुचेताकडे राहायला गेली आहे. सुचेता तिची मावसबहीण, एकटी राहते, आणि मुग्धाचं ऑफिस तिथून हाकेच्या अंतरावर. काल सकाळी चहा घेताना मुग्धा बराच वेळ बोलत होती. माझं निम्मं लक्ष हॉलमधल्या खुर्च्यांच्या मांडणीत होतं, पण मथितार्थ लक्षात आला: जीव थकला, रोज रोज तेच, आता जमत नाही, काही दिवस तिकडे राहते. मी म्हटलं, उत्तम. हे तू फार आधीच करायला हवं होतंस. ती माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकाची सवय नाही तिला.

इथे हे सगळेच करतात. आमच्या टीममधला एक जण सोमवारी ऑफिसशेजारच्या पीजीत जातो आणि बायकोला थेट शुक्रवारी भेटतो. संसार झकास चाललाय. या शहराच्या ट्रॅफिकने नवराबायकोत जेवढा समजूतदारपणा आणला तेवढा कुणाच्या आईवडिलांना आणता आला नसता. फक्त ऑफिसला जायचं आठवड्यातून दोनदा, त्यासाठी दोन्ही मोठ्या बॅगा कशाला नेल्या ते कळलं नाही. पण बायकांच्या बॅगा तपासणं माझ्या कामात येत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

रात्रीचं जेवण हल्ली गुंडूअण्णांकडेच. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, आणि जेवताना त्यांच्या गाण्याचा सराव. ते 'ऐकलं नाही मी' कन्नडमध्ये म्हणणार आहेत: 'हेळि होदे नीनु, केळलिल्ल नानु'. चालीत बसतं बरोबर. अडचण एवढीच की दुसऱ्या ओळीला त्यांना रडू फुटतं. मी काळजीने विचारलं, तर म्हणाले, वहिनींना नका सांगू सर, पण हे गाणं लागलं की मला माझी बुलेट आठवते. खानावळीसाठी विकावी लागली. अजून त्या माणसाच्या घरावरून गेलं की उभी दिसते म्हणे.

मग त्यांनी विचारलं, वहिनी कधी येणार? मी म्हटलं, ट्रॅफिक कमी झालं की. गुंडूअण्णा हातातलं भांडं तसंच धरून उभे राहिले. 'सर, ह्या ऊरात, ह्या गावात, ट्रॅफिक कमी होत नाही,' म्हणाले, आणि न मागता माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. गिऱ्हाईक टिकवायची कला आहे माणसाकडे.

१ फेब्रुवारी, रविवार

शनिवार-रविवार मुग्धा येईल म्हणून श्रीखंड आणलं होतं. फोन केला तर म्हणाली, नाही जमत, ट्रॅफिक आहे. मी नकाशा उघडून पाहिला, महादेवपुऱ्यापासून आमच्या दारापर्यंत सगळा रस्ता हिरवागार. हे नकाशे अजिबात भरवशाचे नाहीत. त्यांच्या कंपनीला तक्रार पाठवली.

श्रीखंड मीच संपवलं. पोट बिघडलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मुग्धाशी फोनवर बोलत होतो. म्हणजे पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यावा की रोप, हे तिला विचारत होतो. आधी फोन सुचेताने उचलला आणि मुग्धाला हाक मारायला गेली. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी तेच गाणं म्हणत होतं, 'चहा निवत होता, बोलत होतीस तू'. फार सुरेख आवाज. कुठे ताण नाही, लाडीगोडी नाही, आपल्यापाशी बसून सांगितल्यासारखं. मूळच्या त्या सर्दीवाल्यापेक्षा कितीतरी बरं. मध्येच थांबलं आणि मुग्धा फोनवर आली. मी म्हटलं, तुमचा टीव्ही फार मोठा असतो, जरा बारीक करत जा, मला इथे महत्त्वाचं विचारायचंय. तेवढ्यात फोन बंदच झाला. महादेवपुऱ्यात रेंजचा प्रश्न आहे हे मी पूर्वीही ऐकलं होतं.

रोप द्यायचं ठरवलं, माझं मी.

८ फेब्रुवारी, रविवार

आज चाचणी घेतली. क्लबहाउसमध्ये सकाळपासून एकच गाणं. माझ्या कानात अजून तेच चालू आहे, म्हणून आधी लिहून मोकळा होतो.

हणमंतराव: 'सांगून' हा एकच शब्द घेऊन बसले. त्यातला 'सा' त्यांनी आधी वर नेला, मग खाली आणला, मग बाजूला नेऊन ठेवला. ती कुठे गेली, हा तिथे काय करत होता, याचा पत्ताच नाही. तबलजीने घड्याळाकडे बघायला सुरुवात केली तेव्हा ते म्हणाले, अजून गळा तापायचा आहे.

शंतनु: लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या रूपात फक्त 'नाही नाही नाही नाही' एवढंच ऐकू येतं आणि मधून मधून कुत्रं भुंकतं. ते कुत्रं म्हणे एकटेपणाचं आहे. खालच्या मजल्यावरची खरी कुत्री वर आली, तेव्हा त्याला हा प्रतिसाद वाटला.

महानंदाअक्का: त्या एका कारखान्यात देखरेखीचं काम करतात आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका त्यांना कारखान्यातल्यासारख्याच घाबरतात. 'गेलीस'चं त्यांनी 'गेलास' केलंय, म्हणजे सोडून जाणारा साक्षात कृष्ण. टाळ सुरू झाले, लय वाढत गेली, आणि 'दार लागलं तरी'पर्यंत येईतो सगळ्या जणी फुगड्या घालायला लागल्या. प्रेमभंगात इतका आनंद मी कुठे पाहिला नव्हता. मात्र मध्येच एकदा अक्का एकट्या संथ गायल्या, टाळ थांबवून, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उदबत्त्या फार लावल्या होत्या.

गुंडूअण्णा: पहिल्या ओळीलाच रडले. बुलेट.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मी ऑफिसला गेलो असताना मुग्धा घरी येऊन गेली. माळ्यावरून तिच्या बाबांची बाजाची पेटी नेली. गेली कित्येक वर्षं ती चादरीत गुंडाळून पडली होती, मी विकून टाकू म्हणत होतो. बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडीही नेली. तिथे आता आरामखुर्ची मावते. मावते, पण बसावंसं वाटत नाही.

मला एक कळत नाही. पेटी न्यायला यायला ट्रॅफिक नव्हतं का?

१४ फेब्रुवारी, शनिवार

भाजी घेऊन आलो आणि सवयीने बेल वाजवली. कुणी उघडेना म्हणून वैतागलो, दोनदा वाजवली, मग खिशातून किल्ली काढली. समोरच्या काकू दार उघडून बघत होत्या. त्यांना सांगितलं, बेल चालते का ते तपासत होतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सुचेताचा फोन. ती महादेवपुऱ्याच्या मराठी मंडळाची सचिव आहे. दर वर्षी शेजारच्या मंडळांचा एकेक स्पर्धक आपण घेतो, तसा त्यांचाही येणार. मी नाव विचारलं. म्हणाली, त्या दिवशी कळेल, नियमात कुठे लिहिलंय आधी सांगावं लागतं? नियम मीच केलेत, तपासून पाहिले, खरंच लिहिलेलं नाही. ही फट मी ठेवलीच कशी? बहुतेक सुचेता स्वतःच गाणार. आवाज मिक्सरसारखा आहे तिचा, पण पाहुण्यांना काय बोलायचं.

मुग्धा कशी आहे विचारलं. सुचेता म्हणाली, तिलाच विचारा. मी म्हटलं, तिला मी रोज फोन करतो की. त्यावर सुचेता म्हणाली, हो, पण भाऊजी, तुम्ही तिला तुमच्या स्पर्धेबद्दल विचारता.

हे काय बोलणं झालं? दुसरं कशाबद्दल विचारायचं? ती ठीकच असणार. नसती तर बोलली असती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या कार्यक्रम. खुर्च्या आल्या, माइक आला, रोप आलं. आता मनातलं लिहितो, हा भाग छापायचा नाही.

झोप लागत नाही. गाणं डोक्यातून जात नाही, आणि गंमत म्हणजे ते डोक्यात हणमंतरावांच्या आवाजात येत नाही की शंतनुच्या, ते सुचेताच्या टीव्हीवरच्या त्या बाईच्या आवाजात येतं. मी त्या गाण्यातल्या चुका काढल्या होत्या, त्या पुन्हा वाचल्या. दुसरी मागे घेतो. दाराकडे पाठ असली तरी माणूस गेल्याचं कळतं. घर असं गप्प होतं की न कळून सांगता कुणाला. फक्त थोडा उशीर लागतो. पहिल्या चुकीवर मात्र मी ठाम आहे. सांगून गेली तर ऐकलं कसं नाही? माणूस बहिरा थोडाच असतो.

मुग्धा त्या सकाळी नक्की काय म्हणाली होती ते आठवायचा प्रयत्न केला. 'जीव थकला' आठवतं. 'रोज रोज तेच' आठवतं. ट्रॅफिक हा शब्द आठवत नाही. तिने तो उच्चारला होता, की मीच मनाने घातला? खुर्च्या कशा मांडायच्या ठरवल्या होत्या, ते मात्र ओळीने आठवतं. मला भीती वाटते आहे. कसली, ते लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

झालं. 

हॉल भरला होता. मी मंचाच्या कडेला घंटा घेऊन, वेळ संपली की वाजवायची. हणमंतरावांना वाजवली, त्यांनी तो सूर धरून पुढे गायलं. शंतनुच्या लॅपटॉपने ऐन वेळी अपडेट घ्यायला सुरुवात केली आणि कुत्रं तेवढं भुंकत राहिलं. अक्कांच्या फुगडीने मंचाची एक फळी निघाली. गुंडूअण्णा सबंध गाणं रडत रडत गायले, पण सुरात रडले, आणि त्यांच्याबरोबर निम्मा हॉल रडला. त्यांनी कुणाला बुलेटचं सांगितलं नाही.

मग मी माइकवर म्हटलं, महादेवपुरा मंडळाचे पाहुणे स्पर्धक. आणि मुग्धा वर आली.

बाबांची पेटी घेऊन. निळी साडी. माझ्याकडे पाहिलं नाही. बसली, भाता उघडला आणि गायली. तोच आवाज. टीव्ही नव्हता तो. ती माझ्या घरात इतकी वर्षं गात होती, आणि मी तिला दार लावून घे, माझा कॉल आहे, असं सांगत होतो. 'चहा निवत होता, बोलत होतीस तू' या ओळीला कुणी खोकलंसुद्धा नाही. मला सगळं ऐकू येत होतं. त्या सकाळचंही. वेळ केव्हाच संपली होती, हणमंतराव घंटेकडे खुणा करत होते, पण माझा हात उचललाच गेला नाही.

टाळ्या थांबताथांबता शंतनु उभा राहिला. रागावलेलाच होता, लॅपटॉपमुळे. म्हणाला, ऑब्जेक्शन, या सचिवांच्या मिसेस आहेत, रूलप्रमाणे बाद. हॉलमध्ये कुजबुज. सुचेता खालून ओरडली, नियम नीट वाचा, घरात राहणाऱ्या असं लिहिलंय, आणि ती महादेवपुऱ्याला राहते. परीक्षकांनी हणमंतरावांकडे पाहिलं. हणमंतरावांनी चष्मा लावला, कागद वाचला, आणि माइकवरूनच मला विचारलं, 'वासुदेवराव, स्वल्प सांगा बघू. मुग्धाताई तुमच्या घरी राहतात का?'

सगळा हॉल माझ्याकडे. हो म्हटलं तर मुग्धा बाद. नाही म्हटलं तर बायको घर सोडून गेली हे समस्त सर्जापूर रोडसमोर. आणि सोपं उत्तर तोंडाशी तयार होतं, की नाही हो, ते फक्त ट्रॅफिकमुळे. ते बोललो असतो तर अब्रूही वाचली असती आणि नंबरही. मुग्धा पेटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणणार याची तिला खात्री होती, आणि ते ऐकायची तिची तयारी झालेली दिसत होती. मला ते बघवलं नाही.

मी माइक घेतला. म्हटलं, 'नाही. त्या माझ्या घरी राहत नाहीत. ट्रॅफिकचं कारण मीच ठरवलं होतं. ती मला सांगून गेली. मी ऐकलं नाही.'

 मागून कुणीतरी 'वा' म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट. त्यांना वाटलं सचिवांनीही स्पर्धेबाहेर गाण्याचं गद्य रूप सादर केलं. हणमंतराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, भारी केलंत, वाचिक अभिनय उत्तम. अक्कांच्या बायकांनी टाळ वाजवले. शंतनु मला येऊन म्हणाला, सर, हे रॉ होतं, मला रेकॉर्डिंग हवंय. एकट्या गुंडूअण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेही पुन्हा रडत होते, पण त्यांचं काही सांगता येत नाही.

मुग्धाने टाळ्या वाजवल्या नाहीत. पण हसली. अगदी थोडंसं, ओठ दाबून, त्या सगळ्या गोंधळाकडे बघत. मग मान खाली घालून भाता बंद केला.

पहिलं बक्षीस गुंडूअण्णांना, दुसरं मुग्धाला. कुकर तिने घेतला. मी म्हटलं, घरी सोडू का? माझं मलाच कळलं की हे चुकलं. ती म्हणाली, 'मी सुचेताबरोबर जाते. उद्या फोन कर. आणि केलास तर तू बोलू नकोस.'

२३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसातून आलो, खुर्चीत बसलो, फोन केला. आधी ती काही बोलली नाही आणि मीही नाही. बंगळुरातली सगळ्यात महाग शांतता असेल ती, कारण माझ्या जिभेवर निदान चार विषय नाचत होते. मंचाची फळी कुणी भरून द्यायची, हाच एक केवढा मोठा.

मग ती बोलायला लागली. लग्नाआधी ती कार्यक्रमांत गायची तिथपासून. गाणं कसं सुटलं, कुणी सोडायला लावलं नाही, कुणी विचारलंच नाही म्हणून सुटलं. घरात आपण बोलतो ते माझ्यापेक्षा भिंतीलाच जास्त ऐकू जातं, असं तिला वाटायला लागलं होतं. ग्रुपवर मी ते हात जोडलेलं चित्र टाकलं तेव्हा ती शेजारच्या खोलीत पेटी माळ्यावरून काढून तिच्या पट्ट्या पुसत होती; मग तिने ती परत गुंडाळून ठेवली. मला फार वाईट वाटलं. मी मध्ये मध्ये हं म्हणत होतो, तर म्हणाली, हं म्हणू नकोस, तू हं म्हणालास की तुझं लक्ष नसतं, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मग नुसता ऐकत बसलो. तिने दोनदा विचारलं, आहेस ना? आहे म्हटलं.

बाहेर अंधार पडला तरी उठून दिवा लावला नाही. गुंडूअण्णांनी जेवायला बोलावणं पाठवलं, नको म्हणून कळवलं. परत कधी येणार हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिचं अजून बोलून झालं नव्हतं.